चारही चाकांची ओढ : कायमची की कामापुरती?

मृग नक्षत्र जवळ आले की शेतकऱ्यांच्या घरी बियाणे, खते आणि अवजारे ह्यांची चर्चा सुरू होते. अलीकडे ह्या चर्चेत आणखी एका वस्तूची भर पडली आहे, ती म्हणजे शेतावर जाण्यासाठी घ्यावयाची जीपगाडी. पिंपरी-चिंचवड परिसरातील शेतकरी कुटुंबांत हा प्रश्न विशेष दिसून येतो. थेरगाव, वाकड, रहाटणी ह्या गावांच्या शिवारात आता वस्ती उभी राहिली आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणासाठी ह्या भागातील जमिनी संपादित झाल्या आणि पुढे शहर वाढत गेले. तरीही अनेक घरांतील शेती सुटलेली नाही. घर थेरगावात आणि भातखाचरे मावळात अथवा मुळशीत, अशी ह्या कुटुंबांची स्थिती आहे. त्यांच्या गाडीला सिमेंटच्या रस्त्यावरही धावावे लागते आणि आषाढातील चिखलातूनही वाट काढावी लागते.

गाडी पाहावयास गेले असता विक्रेता विचारतो, "फोर बाय फोर हवी का?" फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांनी ओढणारी गाडी. परंतु चारही चाकांची ही ओढ एकाच प्रकारची नसते. काही गाड्यांत ती कायमची असते, काहींत कामापुरती जोडावयाची असते, तर काहींत ती आपोआप जोडली जाते. हा फरक न समजल्यामुळे पैसा वाया जातो, गाडी मोडते आणि कधी जिवावरही बेतते. म्हणून हा विषय ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

एका जीपची गोष्ट

थेरगावातील एक वयस्क शेतकरी गेल्या वर्षी माझ्याकडे आले. पवन मावळात त्यांची दोन एकर भातशेती आहे. त्यांनी एक जुनी फोर बाय फोर जीप विकत घेतली होती. जुलै महिन्यात लावणीच्या दिवशी बांधावरच्या वाटेत जीप अडली. मुलाने दांडा ओढून पुढची चाके जोडली आणि जीप सहज बाहेर आली. सर्वांना आनंद झाला. त्याच आनंदात मुलाने जीप तशीच सडकेला घातली आणि थेट थेरगावच्या घरापर्यंत आणली. वाटेत वळणावर जीप आवळल्यासारखी होत होती व टायर करकरत होते. घरी आल्यावर दांडा निघेना. जोर लावून तो काढला खरा, पण पुढे आठ दिवसांत ट्रान्स्फर बॉक्समधील दातेचक्रे निकामी झाली. ऐन लावणीत जीप गॅरेजमध्ये पडून राहिली व मजुरांची ने-आण भाड्याच्या टेम्पोने करावी लागली.

"साहेब, ही फोर बाय फोर आपल्या कामाची नाही. आता विक्रेता म्हणतो की कायम चारही चाकांवर चालणारी महागडी गाडी घ्या. पैसे घालावे का?" त्यांनी विचारले.

"अण्णा, गाडी वाईट नव्हती," मी म्हणालो, "चिखल संपल्यावर दांडा काढावयाचा राहिला. तो का काढावयाचा हे आधी पाहू, मग पैशांचे ठरवू."

वळणाचा हिशेब

बैलगाडी वळताना बाहेरचे चाक अधिक अंतर चालते आणि आतले कमी. बैलगाडीची दोन्ही चाके आपापल्या परीने फिरत असल्यामुळे तेथे अडचण येत नाही. मोटारीत मात्र चाकांना इंजिनाची शक्ती द्यावयाची असते. ही शक्ती देऊनही दोन्ही चाकांना कमी-अधिक फिरण्याची मोकळीक मिळावी म्हणून आसाच्या मध्यभागी डिफरन्शियल बसवलेले असते.

आता असाच फरक पुढच्या व मागच्या आसांतही पडतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. वळताना पुढची चाके मोठ्या वर्तुळावरून जातात. एक उदाहरण घेऊ. पुढच्या व मागच्या आसांत पावणेतीन मीटर अंतर असलेली गाडी काटकोनात वळली आणि मागचा आस पाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून गेला, तर तो सुमारे ७.९ मीटर चालतो. पुढचा आस त्याच वेळी सुमारे ९ मीटर चालतो. म्हणजे एका वळणात एक मीटरहून अधिक फरक पडतो.

पुढचा व मागचा आस एकमेकांशी पक्के जखडले असतील तर हा एक मीटर कोठून यावयाचा? चिखलात, वाळूत अथवा मोकळ्या मुरुमावर चाक थोडे घसरते आणि हिशेब जुळतो. कोरड्या डांबरावर किंवा सिमेंटवर चाक सहज घसरत नाही. मग तो सर्व ताण शाफ्ट, सांधे आणि दातेचक्रे ह्यांत साठत जातो. जीप आवळली, टायर करकरले व दांडा निघेना, त्याचे कारण हेच होय.

कामापुरती ओढ

पहिला प्रकार कामापुरत्या ओढीचा. ह्यात एरवी गाडी मागच्या दोन चाकांवर चालते. दांडा अथवा बटण वापरले की ट्रान्स्फर बॉक्समधून पुढचा आसही जोडला जातो. दोन्ही आसांच्या मध्ये डिफरन्शियल नसते, ते एकमेकांशी जखडले जातात. १९४१ सालापासून युद्धात वापरली गेलेली विलिस जीप ह्याच पद्धतीची होती. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जिची जुळणी सुरू केली तीही हीच जीप. आपल्याकडील फोर बाय फोर थार, आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गुरखा आणि २०२२ साली आलेली, चाकण येथे तयार होणारी फोर बाय फोर स्कॉर्पिओ-एन ह्या गाड्या ह्याच घराण्यातील आहेत.

ह्या पद्धतीचे गुण असे की रचना साधी व दणकट असते, दुरुस्ती करणारे मिस्त्री सर्वत्र मिळतात आणि पुढचे चाक चिखलात फिरत राहिले तरी मागच्या आसाला शक्ती मिळत राहते. बहुतेक अशा गाड्यांत 'लो' म्हणजे संथ गिअरही असतो. त्यामुळे गाडीचा वेग घटतो आणि चाकावरील जोर दोन ते अडीच पट वाढतो. भरलेली गाडी चढणीच्या चिखलातून काढावयाची असेल तर ह्या गिअरचा उपयोग मोठा आहे.

दोष एवढाच की कोरड्या पक्क्या रस्त्यावर ही ओढ वापरता येत नाही. पाऊस पडत आहे म्हणून सिमेंटच्या रस्त्यावर दांडा घालून ठेवणेही योग्य नाही, कारण रस्ता ओला असला तरी तो चिखल नव्हे.

ज्यांच्याकडे चारही चाकांनी ओढणारा ट्रॅक्टर आहे त्यांना हे नवे वाटू नये. अशा ट्रॅक्टरची पुढची चाके मागच्यापेक्षा किंचित अधिक वेगाने ओढतील अशी योजना केलेली असते. शेतात हे लाभदायक ठरते. परंतु पुढचा आस जोडलेला ठेवून ट्रॅक्टर सडकेने नेला तर पुढचे टायर लवकर झिजतात. म्हणूनच पक्क्या सडकेवर लागताच तो सोडावा, असे उत्पादक सांगतात. जीपलाही हाच नियम लागू आहे.

कायमची ओढ

दुसरा प्रकार कायमच्या ओढीचा. ह्यात चारही चाकांना नेहमीच शक्ती मिळते. दोन आसांच्या मध्ये तिसरे डिफरन्शियल असल्यामुळे वळणावर दोन्ही आसांना आपापल्या गतीने फिरता येते. म्हणून अशी गाडी डांबर, सिमेंट, चिखल अशा सर्व रस्त्यांवर तशीच चालवता येते. १९७० साली इंग्लंडात आलेली रेंज रोव्हर आणि १९७७ साली रशियात आलेली लाडा निवा ह्या दोन गाड्यांनी ही पद्धत जगभर प्रसिद्ध केली. रेंज रोव्हर तयार करणारी कंपनी २००८ पासून टाटा मोटर्सच्या मालकीची आहे.

पावसाने निसरड्या झालेल्या घाटरस्त्यावर गाडी वर चढवताना ह्या पद्धतीचा लाभ मिळतो. शक्ती चार चाकांत विभागली गेल्याने एकाच जोडीवर भार पडत नाही व चालकाला दांडा आठवावा लागत नाही.

परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोकळे डिफरन्शियल नेहमी सोप्या बाजूला वळते. एक चाक चिखलात गरगर फिरू लागले की शक्ती तिकडेच वाहून जाते आणि उरलेली तीन चाके घट्ट जमिनीवर असूनही गाडी उभी राहते. ह्यासाठी मधले डिफरन्शियल जखडणारे कुलूप, म्हणजे लॉक, लागते. ट्रॅक्टरचे एक चाक घसरू लागले की आपण पायाने लॉक दाबतो आणि वळताना ते सोडतो, तसेच हे आहे. मधले लॉक लावल्यावर कायमच्या ओढीची गाडी कामापुरत्या ओढीच्या गाडीसारखीच वागते आणि मग पक्क्या रस्त्यावर ते सोडावेच लागते. काही गाड्यांत लॉकऐवजी फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावण्याची योजना असते. तिचा उपयोग होतो, परंतु खोल चिखलात बराच वेळ ती वापरल्यास ब्रेक तापतात.

ह्या पद्धतीत सर्व भाग सदैव फिरत असल्याने इंधन थोडे अधिक लागते, वजन वाढते व किंमतही वाढते.

आपोआप जुळणारी ओढ

तिसरा प्रकार ह्या दोहोंच्या मधला आहे. एरवी गाडी पुढच्या दोन चाकांवर चालते. ती घसरू लागली की क्लचच्या साहाय्याने मागची चाके आपोआप जोडली जातात. चाकण येथे तयार झालेल्या, २०२१ साली बाजारात आलेल्या एक्सयूव्ही ७०० ह्या गाडीच्या काही प्रकारांत ही योजना होती. एकाच चाकण परिसरातून कामापुरत्या ओढीची व आपोआप जुळणाऱ्या ओढीची अशा दोन्ही गाड्या बाहेर पडल्या, हे पाहिले म्हणजे कारखान्याच्या नावावरून गाडीचा स्वभाव ठरवता येत नाही हे कळेल.

ही पद्धत ओल्या डांबरासाठी व हलक्या कच्च्या रस्त्यासाठी चांगली. मात्र अशा गाड्यांत बहुधा संथ गिअर नसतो आणि खोल चिखलात दीर्घकाळ झगडल्यास क्लच तापतो. नांगरटीच्या शेतातून ओझे ओढण्याची अपेक्षा तिच्याकडून करू नये.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांत आणखी एक मार्ग निघाला आहे. २०२५ साली आलेल्या विजेवरील टाटा हॅरियरच्या एका प्रकारात पुढच्या व मागच्या आसांना स्वतंत्र मोटारी आहेत. दोहोंना जोडणारा शाफ्टच नसल्याने आवळण्याचा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

आपली वाट मोजा

हे सर्व समजावून सांगितल्यावर आम्ही दोघे त्यांच्या शेतावर गेलो. थेरगावहून जुन्या महामार्गाने सोमाटणे, वडगाव, कामशेत आणि तेथून पवनानगरच्या बाजूला, अशी ती वाट आहे. जाताना मी वहीत तीन रकाने केले : पक्का रस्ता, खडीचा रस्ता आणि चिखलाची वाट. चाळीस किलोमीटरहून अधिक रस्ता पक्का निघाला. खडीचा दीड किलोमीटर निघाला. चिखलाची वाट, जेथे जीप अडली होती ती, सुमारे सहाशे मीटर भरली. तीही जून ते सप्टेंबर ह्या काळापुरती, कारण दिवाळीनंतर त्या वाटेने साधी मोटारही जाते.

"म्हणजे सहाशे मीटरसाठी चाळीस किलोमीटर चारही चाके ओढावयाची?" अण्णांनी स्वतःच विचारले. उत्तर त्यांना मिळाले होते.

गाडी निवडण्याची खरी रीत हीच होय. ढोबळ मानाने असे म्हणता येईल :

१. वर्षातील बहुतेक वापर पक्क्या रस्त्यावर, पण पावसाळ्यात थोडी वाट खोल चिखलाची किंवा चढणीची असेल, तर कामापुरती ओढ व संथ गिअर असलेली गाडी योग्य.

२. रोजचा प्रवास पावसाळी घाटरस्त्याचा असेल, गाडी अनेक चालक चालवत असतील आणि खर्च झेपत असेल, तर मधले लॉक असलेली कायमची ओढ योग्य.

३. खोल चिखल नाही, फक्त ओला व खडीचा रस्ता आहे, तर आपोआप जुळणारी ओढ पुरते.

४. वर्षातून दोन-चार दिवसच अडचण येत असेल, तर दोन चाकांनी ओढणारी गाडी घेऊन उरलेला पैसा वाट सुधारण्यास लावणे शहाणपणाचे.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

उंच व रुबाबदार दिसणारी प्रत्येक गाडी फोर बाय फोर नसते. एकाच नावाच्या गाडीचे दोन्ही प्रकार मिळतात. २०२३ पासून थारही केवळ मागच्या चाकांवर चालणारी मिळू लागली. चिखल, वाळू अशी चित्रे असलेले बटण दिसले म्हणजे चारही चाकांना ओढ आहे असेही समजू नये. म्हणून विक्रेत्याला पुढील प्रश्न स्पष्ट विचारावेत व उत्तरे गाडीच्या पुस्तिकेत ताडून पाहावीत :

१. ही ओढ कोरड्या डांबरी रस्त्यावर वापरता येते काय? 'नाही' असे उत्तर आले तर ती कामापुरती आहे.

२. दोन आसांच्या मध्ये डिफरन्शियल आहे काय, आणि त्याला लॉक आहे काय?

३. संथ गिअर आहे काय?

४. ओढ जोडताना गाडी उभी करावी लागते की चालतीवर जोडता येते, आणि किती वेगापर्यंत?

५. ट्रान्स्फर बॉक्स व पुढच्या आसाचे तेल केव्हा बदलावयाचे?

वापरताना घ्यावयाची काळजी

चिखलात शिरण्यापूर्वीच ओढ जोडावी. अडकल्यावर जोडल्यास चाकांनी आधीच खड्डा केलेला असतो. पक्का रस्ता लागताच ओढ सोडावी. दांडा निघत नसेल तर जोर करू नये. गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घ्यावी, ताण उतरतो व दांडा सुटतो. चारही टायर एकाच मापाचे व सारख्याच झिजेचे ठेवावेत. एक टायर नवा व तीन झिजलेले असतील तर सरळ रस्त्यावरही ताण साठतो. पावसाळा नसताना महिन्यातून एकदा कच्च्या वाटेवर थोडे अंतर ओढ जोडून चालवावे, म्हणजे आतील भागांना तेल पोहोचते.

सर्वांत महत्त्वाची सूचना ही की चारही चाकांची ओढ गाडी चालवण्यासाठी आहे, थांबवण्यासाठी नाही. ब्रेक तर प्रत्येक मोटारीला चारही चाकांना असतात. ओल्या घाटात उताराला फोर बाय फोर गाडी साध्या गाडीपेक्षा लवकर थांबत नाही. उलट वजन अधिक असल्याने अधिक सावधगिरी लागते. तसेच फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर कोणतीही गाडी घालू नये. वाहते पाणी सुमारे दोन फुटांचे झाले की ते जीपसारखी जड गाडीही उचलून नेऊ शकते. चाक जमिनीवरून सुटले की त्याला ओढ असली काय नि नसली काय, उपयोग नाही. शेतावरची फेरी एक दिवस उशिरा झाली तरी चालेल.

वाटेची सुधारणा

अण्णांच्या वाटेवर उभे राहिल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. वरच्या खाचरांचे पाणी वाटेवरूनच वाहत होते. वाट खोल व दोन्ही बांध उंच, म्हणून ती वाट राहिली नसून ओहोळ झाली होती. अशा वाटेवरून फोर बाय फोर गाडी गेली तरी प्रत्येक फेरीला चाकोऱ्या अधिक खोल होतात आणि मागून येणाऱ्या बैलगाडीचे व पायी येणाऱ्या मजुराचे हाल वाढतात. एकाची गाडी निघाली, पण दहा जणांची वाट बिघडली, असे होऊ नये.

ग्रामसेवकांनी ह्याकडे लक्ष द्यावे. वाटेच्या वरच्या बाजूने चर काढून पाणी ओढ्याकडे वळवावे, वाटेचा मधला भाग थोडा उंच ठेवावा, खड्ड्यांत दगड व वर मुरूम दाबून भरावा आणि ही कामे उन्हाळ्यातच पुरी करावीत. शेतरस्ते व पाणंद रस्ते ह्यांसाठी राज्य शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना सुरू करून त्यांची रोजगार हमीच्या कामांशी सांगड घातली. अशा योजनांतून आपल्या गावाला काय मिळू शकते ह्याची चौकशी ग्रामपंचायतीमार्फत वेळीच करावी.

अण्णांनी वाटेवरच्या इतर खातेदारांना एकत्र केले. उन्हाळ्यात सर्वांनी मिळून चर काढला व मुरूम टाकला. त्यानंतरच त्यांनी कामापुरती ओढ असलेली दुसरी गाडी घेतली आणि कायमच्या ओढीसाठी लागणारी अधिक रक्कम घरात राहिली. ह्या पावसाळ्यात मी विचारले तेव्हा मुलाने सांगितले की आषाढात चार वेळा दांडा घालावा लागला आणि चारही वेळा डांबराच्या कडेला गाडी उभी करून त्याने तो आठवणीने काढला. आता लावणीचे मजूर वेळेवर पोहोचतात.

शेतकरी बंधूंनी गाडी पाहावयास जाण्यापूर्वी एकदा वही घेऊन आपली वाट मोजावी आणि ह्या मोजणीत ग्रामसेवकांनी त्यांना साहाय्य करावे, अशी विनंती आहे.